चर्च, सेक्ट आणि आपले पंथ : एका वर्गीकरणाची परीक्षा

१. धर्मसंघटनांचा निर्देश करण्यास मराठींत पंथ, संप्रदाय, मार्ग, मत, समाज, मंडळी असे अनेक शब्द आहेत. त्यांच्या अर्थांतील सीमा आमच्या ग्रंथकारांनीं कसोशीनें आंखिलेल्या नाहींत. एकाच संघटनेस एके ठिकाणीं पंथ, दुसरे ठिकाणीं संप्रदाय व तिसरे ठिकाणीं मत म्हटलेलें आढळलें तरी वाचकास नवल वाटत नाहीं. ही ढिलाई जाणवूं लागल्यामुळें कित्येक अभ्यासक पाश्चात्य समाजशास्त्रानें घडविलेल्या चर्च, सेक्ट, डिनॉमिनेशन व कल्ट या चार खणांचा आश्रय करितात. महानुभाव सेक्टच्या खणांत टाकिले, वारकरी डिनॉमिनेशनच्या खणांत बसविले, एकादा अर्वाचीन गुरु कल्टच्या खणांत नेऊन ठेविला, कीं काम संपलें अशी समजूत दिसते. प्रस्तुत लेखांत या खणांची परीक्षा करावयाची आहे. खण परके आहेत म्हणून टाकावे, असा आमचा पक्ष नाहीं. शास्त्रास स्वदेश-परदेश नसतो. प्रश्न एवढाच कीं, ज्या खुणेवरून हे खण पाडले, ती खूण महाराष्ट्राच्या इतिहासांत सांपडते काय. आणि न सांपडल्यास तिच्या जागीं कोणती खूण धरावी. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. संघटनेचें वर्गीकरण जसें करावें तसे तिचे हक्क ठरतात, हें लेखाच्या शेवटीं दाखविलें आहे.

२. प्रथम पूर्वपक्ष नीट मांडिला पाहिजे. माक्स वेबर या जर्मन पंडितानें १९०४-०५ मधील प्रॉटेस्टंट नीतीवरील निबंधांत व १९०६ मध्यें उत्तर अमेरिकेंतील धर्मसंघांवर लिहिलेल्या लेखांत चर्च व सेक्ट हा भेद पुढें आणिला. चर्च म्हणजे जन्मानेंच मनुष्य जिचा घटक होतो, तारणाचीं साधनें जी आपल्या हातीं ठेवते व बऱ्यावाईट सर्वांस जी पोटांत घेते अशी संस्था. सेक्ट म्हणजे पारख करून घेतलेल्या, स्वेच्छेनें आलेल्या लोकांची मंडळी. एर्न्स्ट ट्रोल्च यानें १९१२ मध्यें ख्रिस्ती संघांच्या सामाजिक उपदेशावरील आपल्या मोठ्या ग्रंथांत हाच भेद सबंध ख्रिस्ती इतिहासास लावून पाहिला व चर्च आणि सेक्ट यांच्या जोडीस गूढवाद हा तिसरा प्रकार ठेविला. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड नीबूर यानें १९२९ मध्यें असें दाखविलें कीं, सेक्ट फार दिवस सेक्ट राहत नाहीं. पहिल्या पिढीच्या मुलांस सभासदत्व आयतें मिळूं लागलें, पैसा व प्रतिष्ठा आली, कीं तिचें डिनॉमिनेशन बनतें. १९३२ मध्यें हॉवर्ड बेकर यानें कल्ट हा खण जोडून चौकट पुरी केली.

पुढें खुणेचा संक्षेप होत गेला. १९६३ मध्यें बेंटन जॉन्सन यानें अनेक लक्षणांचा पसारा टाकून देऊन एकच लक्षण ठेविलें: संघटना भोंवतालचा समाज मान्य करते कीं अमान्य करते. मान्य करील तें चर्च, अमान्य करील ती सेक्ट. रॉडनी स्टार्क व विल्यम बेनब्रिज यांनीं १९७९ मध्यें याच लक्षणास समाजाशीं असलेला तणाव असें मोजण्याजोगें रूप दिलें, आणि जुन्या संघांतून फुटून निघाली ती सेक्ट व अगदीं नवें मत घेऊन उभी राहिली ती कल्ट असा पोटभेद केला. ब्रायन विल्सन यानें १९७० च्या ग्रंथांत सेक्टचे सात प्रकार सांगितले. रॉय वॉलिस यानें १९८४ मध्यें नव्या धर्मचळवळींचे जगास नाकारणाऱ्या, जगास स्वीकारणाऱ्या व जगाशीं जुळवून घेणाऱ्या असे तीन वर्ग केले. या परंपरेनें युरोप व अमेरिका येथील पुष्कळ गोष्टींचा उलगडा केला आहे. वेस्लीच्या मेथॉडिस्ट मंडळ्या शंभर वर्षांत संभावित लोकांचें डिनॉमिनेशन कशा झाल्या, हें नीबूरच्या सूत्राइतकें थोडक्यांत दुसऱ्या कशानें सांगतां येणार नाहीं. तेव्हां हत्यार बोथट आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. तें कोणत्या लांकडासाठीं घडविलें होतें, एवढेंच पाहावयाचें आहे.

३. या सर्व वर्गीकरणांच्या बुडाशीं दोन गृहीत गोष्टी आहेत. पहिली ही कीं, मनुष्य एका वेळीं एकाच धर्मसंघाचा घटक असतो. दुसरी ही कीं, जो संघ मनुष्यास तारणाचा मार्ग दाखवितो तोच त्याचें जन्म, विवाह, मृत्यु व पंक्तिव्यवहार यांचें नियमन करितो. मध्ययुगीन युरोपांत या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ज्या पाद्र्यानें बाप्तिस्मा द्यावयाचा, त्यानेंच लग्न लावावयाचें व त्यानेंच प्रेतास मूठमाती द्यावयाची. म्हणून तेथें जन्मानें कीं स्वेच्छेनें, हा प्रश्न विचारतांच संघाचें सबंध स्वरूप उघडें होतें.

महाराष्ट्रांत दुसरी गोष्ट मुळींच खरी नाहीं. येथें रोटी-बेटी, पंक्ति, सोयर-सुतक हीं जातीकडे व तिच्या गोतसभेकडे. लग्नमुंजीचा मुहूर्त व संस्कार वतनदार जोशाकडे. आणि उपासना पंथाकडे, अशी त्रिस्थळीं वांटणी झालेली होती. मनुष्य जन्मला तेव्हांच त्याची जाति ठरली. त्यानें पुढें माळ घातली, अनुग्रह घेतला किंवा उपदेश घेतला, तरी त्यामुळें पहिलें नातें तुटत नसे. अशा ठिकाणीं जन्मानें कीं स्वेच्छेनें असा प्रश्न विचारला, तर प्रत्येक पंथ स्वेच्छेचा ठरतो आणि सर्वच पंथ सेक्टच्या खणांत जाऊन पडतात. समाजाशीं तणाव किती, असें विचारावें तर कोणत्या समाजाशीं, हें सांगतां येत नाहीं. जातीशीं, राज्याशीं, ब्रह्मसभेशीं कीं गांवाशीं, याचें उत्तर प्रत्येक बाबतींत निराळें येतें.

ही अडचण वेबरच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. १९१६-१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या हिंदु व बौद्ध धर्मांवरील अभ्यासांत हिंदु धर्म हा जन्मसिद्ध धर्म असल्याचें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. लुई द्युमाँ या फ्रेंच पंडितानें तर प्रश्नाच्या मुळाशींच हात घातला. त्याच्या मतें येथील पंथ हा प्रथम संन्याशांचा समूह असतो व गृहस्थ अनुयायी त्यास मागाहून जोडले जातात. गृहस्थाच्या ठिकाणीं पंथ हा जातीवर चढविलेला दुसरा थर होय. द्युमाँचें हें म्हणणें आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. परंतु संन्यासी व गृहस्थ एवढ्या भेदानें वारकऱ्यांसारख्या मुळांतच गृहस्थांच्या संप्रदायाची व्यवस्था लागत नाहीं, आणि एकोणिसाव्या शतकांतील समाजांची तर मुळींच लागत नाहीं. म्हणून दुसरी खूण शोधणें प्राप्त झालें.

४. आमच्या मतें ती खूण बहिष्कार ही होय. कोणत्याही धर्मसंघटनेस तीन प्रश्न विचारावे. आंत कोण घेतो? बाहेर कोण घालवूं शकतो? आणि बाहेर घातलेल्या मनुष्याचें काय नाहींसें होतें? यांपैकीं पहिला प्रश्न समाजशास्त्रज्ञांनीं भरपूर विचारला आहे. दुसरा व तिसरा, निदान आमच्या पंथांच्या बाबतींत, फारसा कोणी विचारलेला नाहीं. वास्तविक हे प्रश्नही वेबरच्या लेखनांत बीजरूपानें आहेतच. अमेरिकेंतील सेक्टनें पारखून घेतलेला मनुष्य बाजारांतही विश्वासास पात्र ठरतो व तिनें काढून टाकलेला मनुष्य पत गमावून बसतो, हें त्यानें दाखविलें होतें. उत्तरकालीन पंडितांनीं तणावाचें एकच माप हातीं धरलें तेव्हां ही गोष्ट मागें पडली.

युरोपांत १५२१ मध्यें पोपनें मार्टिन ल्यूथर यास चर्चबाहेर घातलें आणि त्याच वर्षीं वर्म्स येथें बादशहानें त्यास कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलें. चर्चच्या शिक्षेमागें राज्य उभें होतें व ती शिक्षा मनुष्याच्या सर्व व्यवहारांस स्पर्श करीत होती. आतां आमच्याकडील परंपरा पाहावी. ज्ञानेश्वरांचे पिते विठ्ठलपंत यांनीं संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनें पुन्हा गृहस्थाश्रम पत्करला. परंपरा सांगते कीं, त्यांस वाळींत टाकिलें तें आळंदीच्या ब्राह्मणांनीं. मुलांच्या मुंजी अडल्या. आणि शुद्धीची याचना करावी लागली ती पैठणच्या ब्रह्मसभेपाशीं. ज्या गुरूनें संन्यास दिला त्यानें बहिष्कार घातला नव्हता, आणि त्याच्यानें तो उठवितांही येत नव्हता. आंत घेणारा हात निराळा व बाहेर घालणारा हात निराळा, ही महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाची खरी गांठ आहे. ज्या संप्रदायाचा ज्ञानेश्वर हा पाया मानिला जातो, त्याच्या कथेचा आरंभच अशा परक्या हातानें घातलेल्या बहिष्कारापासून व्हावा, हें विशेष मननीय आहे.

मराठेशाहींत ही सत्ता कशी चालत असे, यास कागदपत्रांचा तुटवडा नाहीं. ग्रामण्याचे तंटे, प्रायश्चित्ताच्या आज्ञा, गोतांत घेतल्याचीं पत्रें पेशवे दप्तरांत विपुल आहेत. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यानें १९६८ मध्यें अठराव्या शतकांतील मराठी राज्य व जातिव्यवस्था यांवर लिहितांना सरकार या व्यवस्थेचें केवळ साक्षी नव्हतें, तर जातींचे नियम पाळले जातात कीं नाहीं यावर त्याची देखरेख असे, हें दाखवून दिलें. म्हणजे युरोपांत जें काम चर्च करीत असे तें येथें जात, ब्रह्मसभा, शंकराचार्यांचें पीठ व हुजूर यांत विभागलेलें होतें. महाराष्ट्रांत चर्च नव्हतें हें म्हणणें अर्धेंच खरें. चर्चचा अधिकार होता, तो पंथांच्या हातीं नव्हता.

५. आतां हे प्रश्न एकेका पंथास लावून पाहूं. महानुभाव पंथांत संन्याशास घर, गांव व विशेषतः नातलग यांचा संबंध तोडण्याची आज्ञा आहे. चक्रधरांच्या पश्चात् नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले व पुढें आचार्यपरंपरा चालली. लीळाचरित्र, सूत्रपाठ, स्मृतिस्थळ अशा ग्रंथांनीं आचार बारकाईनें बांधून दिला. पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात व परक्यास वाचतां येत नसत. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांनीं या लिपींचा उलगडा केल्यावरच हें वाङ्मय बाहेरच्यांस खुलें झालें. आंत घेणें गुरूच्या हातीं, शिस्त आचार्याच्या हातीं, ग्रंथ कुलुपांत, आणि फुटून तेरा आम्नाय झाल्याची परंपरा. सेक्टचीं पाठ्यपुस्तकी लक्षणें येथें एकूणएक दिसतात.

परंतु हें सर्व संन्याशांपुरतें झालें. वासनिक म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ अनुयायी आपल्या जातींतच राहतो, तेथेंच सोयरीक करितो. पंथानें त्याला दूर केलें तर त्याचा मोक्षमार्ग अडेल. रोटी-बेटी अडणार नाहीं. तेव्हां महानुभाव पंथ संन्याशांच्या बाबतींत सेक्ट आहे व वासनिकांच्या बाबतींत नाहीं, असें म्हणावें लागतें. नीबूरच्या सूत्राप्रमाणें पाहिलें असतां या पंथाचें एका-दोन पिढ्यांत डिनॉमिनेशन व्हावयास पाहिजे होतें. तसें न होतां सातशेंहून अधिक वर्षें संन्याशांचा कडक आचार टिकला आणि पंजाबांत जयकृष्णी या नांवानें, व पुढें काबूलच्या वाटेवरही, पंथाचा विस्तार झाला. याचें कारण आमच्या मतें असें कीं, सेक्टला डिनॉमिनेशन बनविणारी जी गोष्ट, म्हणजे सभासदांचीं मुलें, ती या पंथांत संन्याशांच्या मंडळांत आपोआप येत नसे. मुलें जातीच्या पदरीं पडत. संसाराचा भार जातीनें उचलल्यामुळें पंथास आपली शिस्त सैल करण्याची गरज पडली नाहीं.

६. वारकरी संप्रदाय याच्या उलट टोकास आहे. तुळशीची माळ, एकादशी, मद्यमांसाचा त्याग व पंढरीची वारी, एवढ्यावर मनुष्य वारकरी होतो. माळ एकाद्या फडकऱ्याच्या वा जुन्या वारकऱ्याच्या हातून घालून घेतात. परंतु सर्व संप्रदायावर ज्याची आज्ञा चालेल असा एकही आचार्य नाहीं. संघटना नाहीं असें मात्र समजूं नये. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें पालखीचा प्रघात पाडल्याचें सांगतात. आरफळच्या हैबतबाबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्ञानेश्वरांच्या पालखीस अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे मिळवून सोहळ्याची शिस्त बांधिली. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, फडांचे मान, कीर्तनाच्या वेळा हें सारें ठरलेलें आहे व त्यावरून वादही होतात. परंतु एकाद्या दिंडीनें कोणास दिंडींतून काढलें तर तो दुसऱ्या दिंडींत जातो, नाहींतर एकटा वाट चालतो. वारींतून त्यास कोणीच काढूं शकत नाहीं. माळ ज्याची त्यानेंच उतरवावयाची.

प्रवेश आहे पण बहिष्कार नाहीं, अशा संघटनेस पाश्चात्य चौकटींत जागाच नाहीं. डिनॉमिनेशन म्हणावें तर सभासदांची वही नाहीं. कल्ट म्हणावें तर सात शतकांची परंपरा आहे. पुष्कळांनीं या मोकळेपणाची स्तुति केली आहे व ती योग्यही आहे. कुणबी तुकोबांस ब्राह्मण बहिणाबाईनें गुरु मानिलें, हें या मोकळेपणाशिवाय घडलें नसतें. परंतु त्याची दुसरी बाजू सांगण्याचें धैर्य इतिहासकारानें केलें पाहिजे. ज्यास बाहेर घालवितां येत नाहीं, त्यास आंत ठेवण्याचेंही सामर्थ्य नसतें. चोखामेळा हा संतमंडळींत सर्वमान्य झाला. पण विठ्ठलाच्या राउळांत त्यास प्रवेश नव्हता व त्याची समाधि महाद्वाराच्या पायरीपाशींच आहे. त्यास अडविणारे वारकरी नव्हते, देवळाचे अधिकारी होते. आणि वारकऱ्यांपाशीं त्यास आंत नेण्याचा अधिकार नव्हता. हें दार उघडण्यास १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींचें उपोषण व्हावें लागलें. देऊळ १९७३ च्या कायद्यानें शासनाकडे नेण्यांत आलें व बडवे-उत्पातांच्या हक्कांचा शेवट २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत झाला. दोन्ही वेळां निर्णायक हात संप्रदायाचा नव्हता. इरावती कर्वे यांनीं १९६२ मध्यें इंग्रजींतून प्रसिद्ध झालेल्या वारीवरील लेखांत एकाच दिंडींत एकत्र चालणारे व गाणारे लोक जेवावयास मात्र जातवार वेगळे बसत, हें दुःखानें नोंदविलें आहे. भजन संप्रदायाचें व पंक्ति जातीची, या वांटणीचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

रामदासी संप्रदायाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. येथें मठ होते, महंत होते, मिरजेपासून तंजावरापर्यंत शाखा होत्या, राज्याचीं इनामें होतीं, आणि मुख्य अधिकार समर्थांच्या ज्येष्ठ बंधूंच्या वंशांत गेला. इतक्यावरून कित्येकांनीं यास राज्याश्रित चर्चची उपमा दिली आहे. ती टिकत नाहीं. मराठी राज्यानें दर्ग्यांचींही इनामें चालविलीं. इनाम मिळालें म्हणून चर्च होत नाहीं. समर्थांच्या गादीनें कोणास जातिबाहेर घातल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं, व तसा अधिकार तिनें सांगितलाही नाहीं.

ज्यास खऱ्या अर्थानें चर्च म्हणतां येईल अशी संस्था आमच्या शेजारीं गोमंतकांत होती. तेथें १५६० मध्यें इन्क्विझिशन स्थापन झालें व मधला थोडा काळ वजा जातां १८१२ पर्यंत चाललें. बाप्तिस्मा, विवाह, शिक्षा व राजसत्ता हीं सर्व एका दोरींत ओंवलेलीं होतीं. तरीसुद्धां खेड्यांतील चर्चच्या कोन्फ्रारियांत सभासदत्व जातीवरून वांटलें गेलें आणि ख्रिस्ती झालेल्या घराण्यांनीं सोयरिकी जात पाहूनच केल्या. पूर्ण अधिकाराचें चर्चही जातीच्या हातून बेटीव्यवहार काढून घेऊं शकलें नाहीं. जात ही येथील किती चिवट संस्था आहे हें यावरून कळतें.

७. एकोणिसाव्या शतकांतील समाजांचा इतिहास या खुणेनें विशेष उजळतो. १८४३ मध्यें ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्याच्या घरीं राहून परत आला, तेव्हां त्यास जातींत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली व ब्राह्मणांत तट पडले. घराबाहेर राहिल्याची किंमत काय, हें त्या पिढीस या प्रकरणानें शिकविलें. १८४९ मध्यें निघालेल्या परमहंस मंडळीचे सभासद जातिभेद मोडण्याची शपथ घेत, पण गुप्तपणें. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली व मंडळी विस्कटली. या मंडळीपाशीं मत होतें, दीक्षा होती, उत्साह होता. जातीनें बाहेर टाकल्यावर सभासदास आसरा देण्याची शक्ति मात्र नव्हती. नांवें उघडीं होतील एवढ्या भीतीनेंच तिचा शेवट झाला.

१८६७ च्या मार्चमध्यें मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानें ही शिकवण लक्षांत ठेविली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या पुरुषांनीं समाजाची उपासना स्वीकारली, पण जातीशीं नातें तोडण्याची अट घातली नाहीं व हिंदु समाजापासून वेगळें होण्यास विरोध केला. बंगालच्या ब्राह्मांनीं दुसरा मार्ग धरिला. १८७२ च्या विवाहाच्या कायद्याखालीं लग्न करणारास आपण हिंदु धर्म मानीत नाहीं असें लिहून द्यावें लागे, व ब्राह्मांच्या एका पक्षानें तें पत्करलें. वॉलिसच्या भाषेंत दोन्ही संस्था जगाशीं जुळवून घेणाऱ्याच ठरतील. आमच्या खुणेनें त्यांतील अंतर लगेच दिसतें. ब्राह्मानें बहिष्कार घालणाऱ्याचा अधिकारच नाकारला. प्रार्थनासमाजिष्टानें तो मान्य ठेवून विचार बदलण्याचा यत्न केला.

याची कसोटी १८९० मध्यें पुण्यांत पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणानें लागली. चहा घेणाऱ्यांत रानडे होते तसे टिळकही होते. प्रकरण छापलें गेलें, शंकराचार्यांकडून चौकशीचें मंडळ बसलें व प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढें केला. रानड्यांनीं स्नेह्यांची अडचण पाहून १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें. त्यावरून त्यांच्यावर दोन्ही बाजूंनीं टीकेचा वर्षाव झाला. ही टीका व्यक्तीच्या धैर्यापुरती राहिली, म्हणून ती वरवरची झाली. खरा दोष संस्थेच्या घडणींत होता. रानड्यांस ज्या समाजाचे ते आधारस्तंभ होते तो समाज प्रार्थना देऊं शकत होता, पंक्ति देऊं शकत नव्हता. अशा संस्थेच्या सभासदानें आणीबाणीच्या वेळीं जातीकडेच परतावें हें क्रमप्राप्त होतें. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजानें निराळ्या ठिकाणीं घाव घातला. त्यानें भटजीवांचून लग्नें लाविलीं, आणि त्यामुळें वतनदार जोशांशीं कोर्टकज्जे झाले. त्रिस्थळीं सत्तेपैकीं संस्काराची सत्ता त्यानें हिरावून घेतली. बेटीव्यवहाराची सत्ता जातीकडेच राहिली.

तिन्ही प्रश्नांचें एकदम उत्तर देणारी घटना १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूरास घडली. डॉ. आंबेडकरांनीं भिक्षु चंद्रमणि यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखों लोकांस ती स्वतः दिली. आंत घेणारा हात भिक्षुसंघाचा न राहतां एका गृहस्थ पुढाऱ्याचा झाला, ही बौद्ध परंपरेंतही नवी गोष्ट होय. बावीस प्रतिज्ञांपैकीं कित्येक काय सोडावयाचें हेंच सांगतात. पुष्कळांस त्या नकारात्मक वाटतात. परंतु ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेवण्यांत आलें होतें, त्यांनीं बाहेर ठेवणाऱ्याचा अधिकारच यापुढें आपल्यावर चालत नाहीं असें जाहीर केल्यावांचून नवें घर उभें राहत नव्हतें. पंचहौदच्या चहानें जें सिद्ध केलें, त्याचा हा परिहार होता. जातीचीं बंधनें दीक्षेनें एका दिवसांत नाहींशीं झालीं असें मात्र नव्हे. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांस मध्यवर्ती कायद्यानें १९९० मध्यें लागू झाल्या, त्याचा अर्थ बाहेरच्या समाजानें त्यांस जातीच्याच नजरेनें पाहणें सोडलें नव्हतें असा होतो.

८. अर्वाचीन गुरुसंप्रदायांसही हीच खूण लागू पडते. आचार्य रजनीश यांनीं १९७० पासून संन्यास देण्यास आरंभ केला. १९७४ मध्यें पुण्यास आश्रम झाला. नवें नांव, भगवा वेष, गुरूचें चित्र असलेली माळ हीं प्रवेशाचीं चिन्हें ठळक होतीं. १९८५ मध्यें वेष व माळ आवश्यक नसल्याचें त्यांनीं जाहीर केलें आणि बाहेर कोण व आंत कोण हें सांगण्याचें साधनच उरलें नाहीं. स्टार्क व बेनब्रिज यांनीं कल्टचे श्रोत्यांचा, गिऱ्हाइकांचा व चळवळीचा असे जे तीन प्रकार सांगितले, ते अशा ठिकाणीं उपयोगी पडतात, हें कबूल केलें पाहिजे.

आमच्या खुणेवर एक आक्षेप येईल. धर्म म्हणजे भक्ति, ज्ञान, आशा. त्याची ओळख बहिष्कारासारख्या कठोर गोष्टीवरून कां करावी? उत्तर असें कीं, येथें धर्माची नव्हे, धर्मसंघटनेची ओळख चालली आहे. संघटनेचें बळ सोहळ्याच्या दिवशीं कळत नाहीं; कोणावर संकट आलें म्हणजे ती त्यास धरून ठेवते कीं सोडते, यावरून कळतें.

९. शेवटीं व्यवहाराकडे वळूं. भारतीय घटनेच्या २६ व्या कलमानें धार्मिक संप्रदायास आपलीं धर्मविषयक कामें आपण पाहण्याचा हक्क दिला. त्यांतील मूळ इंग्रजी शब्द डिनॉमिनेशन हाच आहे. १९५४ मध्यें शिरूर मठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ इंग्रजी कोशांतून घेतला: समान श्रद्धा, समान संघटना व विशिष्ट नांव. ज्या शब्दाची घडण परदेशच्या इतिहासांत झाली, त्याच्या मापानें येथील मठ-पंथांचे हक्क मोजले जाऊं लागले. मुंबई राज्यानें १९४९ मध्यें बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें आणि १९६२ मध्यें न्यायालयानें, धर्मकारणास्तव बहिष्कार घालणें हा संप्रदायाच्या कारभाराचा भाग आहे, असें ठरवून कायदा रद्द केला. याच्या उलट स्वामिनारायणीय सत्संगींनीं आपण हिंदूंहून निराळे, म्हणून हरिजनांस देवळांत घेण्याचा कायदा आपणांस लागू नाहीं, असें म्हटलें. तें म्हणणें १९६६ मध्यें फेटाळलें गेलें. महाराष्ट्रानें २०१६ मध्यें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे, आणि त्याचा रोख जातपंचायतींवर असला तरी त्याची व्याख्या जातीपुरती नाहीं. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार २०२३ मध्यें नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोंपविण्यांत आला.

या वादांत इतिहाससंशोधकास सांगण्याजोगें कांहीं असेल तर तें हेंच. धर्मगुरूनें घातलेला बहिष्कार व पंचायतीनें घातलेला बहिष्कार हे कागदावर दोन दिसतात. पण बाहेर पडलेल्याचें लग्न, पंक्ति व स्मशान हीं जर दोहोंतही सारखींच बंद होत असतील, तर त्यांस दोन नांवें देऊन एक हक्क व दुसरा गुन्हा ठरविणें इतिहासास धरून होणार नाहीं. ज्या संघटनेच्या बहिष्कारानें केवळ तिच्या उपासनेस मनुष्य मुकतो, तिचा अधिकार निराळा. ज्या संघटनेच्या बहिष्कारानें त्याचें सबंध जगणें अडतें, तिचा अधिकार निराळा. पहिलीस स्वातंत्र्य असावें, दुसरीवर अंकुश असावा. चर्च, सेक्ट, डिनॉमिनेशन, कल्ट हीं नांवें हा भेद दाखवीत नाहींत. विठ्ठलपंतांच्या मुंजी अडलेल्या मुलांची कथा तो दाखविते. वर्गीकरण त्या कथेपासून सुरू केलें, तर आमचे पंथ आम्हांस अधिक नीट कळतील.